शर्टाचं तिसरं बटण

बाबांच्या शर्टाचं तिसरं बटण परक्या हातानं लावलेलं होतं. मंगळवारी ते ठीक होतं, बुधवारी बघते तर वाकडं, आणि पांढऱ्या शर्टावर काळा दोरा. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी वीस वर्षं टाके तपासते, त्यामुळे अशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, तू पोलिसात असायला हवी होतीस.

बाबा शिंपी. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही नेलं, त्याला पाच आठवडे झाले होते. संध्याकाळी मी, रात्री भाऊ आणि दिवसभर वॉर्डातल्या मावशी, अशी आमची वाटणी होती. या मावशींवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. एक तर त्या जरा जास्तच हसायच्या. शिवाय मी आत शिरले की त्यांचं आणि बाबांचं काहीतरी चाललेलं एकदम थांबायचं आणि मावशींचा हात अ‍ॅप्रनच्या खिशात जायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

गुरुवारी दुसरं बटणही काळ्या दोऱ्यात आलं. मग माझी खात्रीच पटली. कपडे बदलताना ही बाई बाबांना ओरबाडते, बटणं तुटतात आणि कुणाला कळू नये म्हणून ती घाईघाईनं लावून टाकते. बाबांना विचारलं की ते खिडकीकडे बघायचे. मी त्यांच्या दंडावर वळ शोधले. एकही सापडला नाही, तेव्हा वाटलं, बाई सराईत आहे.

शुक्रवारी उशी सारखी करताना अभ्र्यातली सुई माझ्या बोटात घुसली. बाबांच्या मानेत घुसली असती तर? मी तडक हेड सिस्टरकडे गेले. वॉर्डात रुग्णाजवळ सुई ठेवायला सक्त मनाई होती. मावशींना बोलावून विचारलं, तर त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांची बदली तळमजल्यावर, चादरींच्या खोलीत झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर बटणं शाबूत राहिली, पण बाबा खचले. दुपारचं ताट तसंच परत जायला लागलं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी त्यांचा अंगठा आणि तर्जनी जुळवून पाहिली आणि मला बाजूला घेतलं. गेल्या आठवड्यात चिमूट धरत होते, आता हात नुसता टाकून देतात, असं कशानं झालं, म्हणून विचारलं. हेच दिवस हाताचे आहेत, आता हात निजला तर पुढे उठवणं कठीण, असंही म्हणाल्या.

चिमटीनं बाबा काय धरत होते, हे मला कळेना.

धुवायला घरी आणलेला एक शर्ट अजून पडून होता. मी तो खिडकीत उजेडाला धरला. काळ्या दोऱ्याचे टाके तिरके होते, एक तर बटणाच्या भोकाबाहेरूनच गेलेला. पण बटणाच्या मानेला, म्हणजे बटण आणि कापडाच्या मधे, दोऱ्याचे तीन वेढे होते आणि गाठ कापडाच्या दोन पदरांत लपवलेली होती. इतर लोकांचं एका वेढ्यात भागतं, तीन फक्त आमच्या दुकानात. लहानपणी मी दोनच घेतले की बाबा चष्म्यावरून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उसव." सात-सात वेळा उसवायला लावायचे.

मी तो हात ओळखला नाही, कारण टाका वाईट होता. आमच्या बापाचा टाका वाईट पडू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साऱ्या जगावर संशय घेतला, तेवढी एक शक्यता सोडून.

चादरींच्या खोलीत मावशी घड्या घालत होत्या. मी दारातच माफी मागितली. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"मास्तरांनीच खुणेनं सुई मागितली," त्या म्हणाल्या. "रोज एक बटण काढायचं, एक लावायचं. पांढऱ्यावर पांढरा दोरा त्यांना दिसेना, म्हणून मी काळा आणला. नियम मोडला, ते खरं आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ते नको म्हणायचे, ताई. तुमची यायची वेळ झाली की सुई लपवा म्हणून खुणा करायचे. तुम्हाला फार घाबरतात ते."

लाजेनं जीव नकोसा झाला होता.

मी हेड सिस्टरना तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. बरीच बोलणी खाल्ल्यावर एवढं जमलं की मावशी परत वर येतील, बोथट टोकाची मोठी सुई व्यायामाच्या बाईंकडे राहील आणि दुपारी अर्धा तास त्यांच्यासमोरच शिवण होईल. पहिल्या दुपारी मी रजा टाकली. मावशींना बघून बाबांचा चेहरा उजळला. मला बघून त्यांनी सुई मांडीखाली सारली. मी स्टूल ओढून बसले, तेव्हा बऱ्याच वेळानं ती बाहेर आली.

एका बटणाला अर्धा तास लागला. मग त्यांनी शर्ट माझ्यापुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आठ वर्षांची असताना मी त्यांच्यापुढे अशीच उभी राहायचे. बटण कललेलं होतं आणि वेढे दोनच होते.

"छान झालंय," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. शर्ट परत ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. त्यांचे ओठ दोनदा हलले, नुसताच श्वास आला. तिसऱ्यांदा आवाज आला.

"उ... सव."

इतक्या आठवड्यांतला तो त्यांचा पहिला शब्द होता. व्यायामाच्या बाईंनी माझ्या हातात कात्री दिली. मी शर्ट जवळ घेतला, पण काळा दोरा असूनही मला तो दिसत नव्हता.