निळंच राहिलेलं बटण

तुम्ही माझ्या अंगावर दोन हुकूम लिहिलेत, एक निळं होण्याचा आणि एक लाल होण्याचा. त्यातला कोणता पाळायचा, ते बघायची तसदी मात्र घेतली नाहीत.

मी बटण बोलतोय, पडद्यावरचं. अंधेरीच्या एका ऑफिसात जान्हवीने मला घडवलं. एकदा बनवायचं आणि हव्या त्या पानावर वापरायचं, असा मी कॉम्पोनंट. तिने मला छोटे छोटे क्लास, म्हणजे दिसण्याचे हुकूम, लावले. एकाने कडा गोल केल्या, एकाने अक्षरं ठळक केली, एकाने मला निळं केलं. "म्हाताऱ्या माणसांना लांबून दिसलं पाहिजे हे," असं ती म्हणायची.

डायलिसिस केंद्राच्या साइटवर मला काम मिळालं. 'वेळ नक्की करा' हेही मी आणि शेजारचं 'वेळ रद्द करा' हेही मीच. रद्दचं बटण लाल हवं म्हणून तिच्याच ऑफिसातल्या सर्वेशने माझ्या निळ्या क्लासच्या पुढे लाल क्लास जोडला. शेवटी लिहिलेला जिंकतो, अशी त्याची खात्री. साऱ्या ऑफिसची तीच खात्री. पण ब्राउझर माझ्या अंगावरचा क्रम बघतच नाही. स्टाइलच्या फाइलीत जो नियम नंतर येतो, तो लागू होतो. तिथे निळा नंतर होता. मी दोन्हीकडे निळाच राहिलो.

तपासणीत मला फक्त दाबून पाहिलं. चालतंय म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

चारकोपचे गुणाजी गिरणीतले जुने कामगार. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आपली वेळ आपण मोबाईलवर घेतो, पोरांना सांगावं लागत नाही, याचा त्यांना कोण अभिमान. निळं दाबायचं, लाल नाही, एवढं केंद्रात शिकवलेलं. एका सोमवारी बुधवारची वेळ नक्की करताना त्यांचं बोट निळ्यावर टेकलं. ते रद्दचं निळं होतं. मला तोंड नव्हतं.

बुधवारी ते केंद्रावर पोचले तेव्हा त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिलेली. तुम्हीच रद्द केलंत, असं काउंटरवर सांगितलं. ते घरी गेले. शुक्रवारी श्वास लागला आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं.

तक्रार आली तेव्हा सर्वेशने कोड उघडून दाखवला, लाल लिहिलेलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. जान्हवीने कारण शोधलं आणि एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहिलं. एकाच गोष्टीवर भांडणारे दोन क्लास आले, की ते आधीचा काढून टाकतं, नंतरचाच ब्राउझरकडे जातो. आता मी लाल होतो. आठवडाभर उशिरा.

साहेब केयूर जान्हवीला म्हणाला, वापरणाऱ्याची चूक असं कळवून टाक.

"चूक आपली आहे. त्यांना कळायला नको?"

"दुरुस्त झालं ना? संपला विषय, यार."

ज्याने घडवलं त्याचा विषय संपतो. ज्याने दाबलं त्याचा नाही. म्हणून विनवतो, मला नुसतं दाबून बघू नका. ज्याच्या हातात जाणार आहे, त्याच्या शेजारी बसून बघा.

जान्हवीने साहेबाचं ऐकलं नाही. मला समोर उघडं ठेवूनच तिने चारकोपला फोन लावला. गुणाजींची बायको शेवंती बोलत होती. गुणाजी घरी आलेत, पण मोबाईलला हात लावत नाहीत, असं तिने सांगितलं. चूक आमच्या बटणाची होती, त्यांची नाही, एवढं त्यांना सांगा, असं जान्हवी तीन वेळा म्हणाली.

"सांगतंय गो बाय," शेवंती म्हणाली. "पण डॉक्टरान डोळे तपासून सांगितल्यान, चष्म्याचो नंबर तोच आसा. तरी हे म्हणतत, माझीच नजर गेली."