अर्धी कटिंग

केस कापता कापता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची विचारपूस करणाऱ्या माणसाला गप्प बसण्याचा अधिकार देणं म्हणजे थट्टाच. गल्ली त्याला रेडिओ म्हणायची. शेजारचं घड्याळांचं दुकान फुटलं आणि पोलिसांनी सकाळीच रेडिओला उचललं. नळ घड्याळवाल्याच्या मागच्या आवारात होता, म्हणून त्या दुकानाच्या मागच्या दाराची एक किल्ली रेडिओकडे असायची. पाण्यापुरती, दुसरं काही नाही. पण ती गोष्ट तोंडातून बाहेर पडली की रेडिओ आत जाणार, हे उघड होतं.

मेहुणी वकील होती. तिने फोनवरच दम भरला. "मी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. खरं असलं तरी नाही. खरं काय ते माझ्यासमोर सांगायचं."

"अगं, पण मी काही केलंच नाही, आता परवाचीच गोष्ट घे..."

"भावोजी, झालं का सुरू?"

चौकशीच्या खोलीत आरोपीच्या अधिकारांची पाटी होती. तिच्याच खिळ्याला साहेबांनी टोपी अडकवली होती, त्यामुळे पाटी आहे एवढंच कळायचं.

"वकील हवी? येऊ दे की," साहेब मायेने म्हणाले. "अधिकार म्हणजे अधिकार. मी एक प्रश्न विचारणार नाही. तोवर माझे केस तेवढे कमी कर."

रेडिओची जप्त केलेली कात्री-कंगव्याची पिशवी त्यांनी पुढे सरकवली आणि हवालदाराच्या कानाशी लागले. साहेबांचं कुजबुजणंही खोलीभर ऐकू येई. "मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव. कात्री चालली की याचं तोंड सुटतं. शब्दनशब्द हवा मला."

कात्री हातात आली आणि रेडिओच्या घशाशी शब्द दाटले. पोरं काय करतात, टाळूवर विरळ झालेत, तेल कुठलं लावता. त्याने ओठ दातांखाली दाबले. त्याला खरंच भीती वाटत होती. आत गेलो तर दुकानाला कुलूप, बायको माहेरी, आणि मुलीला कॉलेजात सगळे चोराची पोर म्हणणार. तो कात्री चालवत राहिला.

खोलीत नुसती कात्री वाजू लागली. न बोलणारा न्हावी साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. ते खुर्चीत चुळबुळले.

"विरळ झालेत का रे?" प्रश्न न विचारणाऱ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला.

उत्तर नाही.

"होणारच म्हणा. या नोकरीत डोक्यावर काय राहतंय."

मानेवरून कंगवा फिरला आणि साहेबांचे डोळे मिटले. आधी सासूचं गाऱ्हाणं झालं, मग बदलीचं, मग मोठ्या साहेबांचं.

"आता हेच बघ. घड्याळवाला मोठ्या साहेबांचा साडू. माल गेलाय कुठे? त्याच्याच घरी, पलंगाखाली. विमा मिळवायचाय. त्यासाठी संध्याकाळपर्यंत कोणीतरी आत हवा. तू शेजारी, म्हणून तू. मनाला लावून घेऊ नकोस."

हवालदार खोकला.

"खोकू नकोस, मी बोलतोय," साहेब म्हणाले.

"बोला ना," दारातून आवाज आला. मेहुणी कधीची उभी होती कोण जाणे.

साहेबांनी डोळे उघडले. "रेकॉर्डिंग..."

"चालूच आहे साहेब," हवालदार म्हणाला. "शब्दनशब्द."

"तो मोबाइल टेबलावरच राहू दे," मेहुणी हवालदाराला म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "आता तुम्ही गप्प बसा, तो तुमचा अधिकार आहे. आणि एखादा वकील बघा. मला विचारू नका, मी भावोजींची आहे."

साहेब ताडकन उठले. केस डावीकडे नीट कापलेले, उजवीकडे जंगल. ते झाकायला त्यांनी खिळ्यावरची टोपी ओढली आणि तिच्यामागची पाटी पहिल्यांदाच पूर्ण उघडी पडली.

"आता बोलू का?" रेडिओने विचारलं.

मेहुणीने मान डोलावली. बिचारा सकाळपासून तुंबला होता. सुरुवात कुठून तरी करायचीच, म्हणून तो साहेबांसमोर उभा राहिला आणि पाटी मोठ्याने वाचू लागला.