मिरवायची कुऱ्हाड

ताईचा धाकटा भाऊ सात वर्षांनी दुकानात आला तो मोटारीतून, आणि एकटा नाही. बरोबर एक बाई होत्या. पायात जाडजूड बूट, खांद्याला सॅक, चेहरा उन्हाने रापलेला. ताई जमिनीवर बसून कुऱ्हाडीच्या नव्या दांड्यावर काचेचा तुकडा फिरवून तो गुळगुळीत करत होती. तिने मान वर केली, बघितलं, आणि काच फिरवणं चालूच ठेवलं.

"ही आमची जुनी कार्यशाळा," भाऊ बाईंना सांगत होता. "कंपनीची सुरुवात इथूनच झाली. आणि ही माझी मोठी बहीण. आमच्यासाठी दांडे करते."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. आमच्यासाठी! या माणसासाठी तिने सात वर्षांत दात कोरायची काडीसुद्धा केली नव्हती. पण तिने दांडा फिरवून दुसरी बाजू घासायला घेतली. भांडायला तोंड उघडलं की सगळी वाफ निघून जाते, आणि ताईला ती वाफ घालवायची नव्हती. एवढी वर्षं जपली होती.

हा शेठ मुळात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, या भट्टीवरच वाढलेला. वाढलेला म्हणजे जेवलेला. घण उचलायची वेळ आली की याच्या पोटात दुखायचं. मोठा झाल्यावर त्याने पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला, बाहेरून तयार पाती मागवली, आणि एक दिवस अण्णांचा पोलादी शिक्का मागायला आला. तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. चाळीस वर्षं अण्णांच्या प्रत्येक कुऱ्हाडीवर ती खूण उमटत होती. "तुमचं नाव मोठं करतो," म्हणाला. बापाचं मन, दिला शिक्का.

वर्षभराने गावातला लाकडं फोडणारा एक म्हातारा कुऱ्हाड घेऊन आला. पात्याचा कोपरा बिस्किटासारखा तुटलेला. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही मी केली?" ताई म्हणाली, नाही हो, ही त्याच्या कारखान्याची. अण्णांना ते पटेना. नजर तेव्हा अधू झाली होती, आठवण दगा देत होती. "शिक्का तर माझाच आहे ना," एवढंच ते म्हणत राहिले. आपला हात गेला असं त्यांनी धरून घेतलं. त्या दिवसानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही. म्हाताऱ्याची समोरासमोर माफी मागितली. ताईने भावाला फोन केला, "एकदा ये आणि तुझ्या तोंडाने सांग त्यांना, ते माझं ऐकत नाहीत." येतो म्हणाला. दोनदा म्हणाला. अण्णा चार महिन्यांनी गेले, त्याच समजुतीत. त्याला आता सात वर्षं झाली होती.

तर असा हा शेठ आज ऐटीत दुकान दाखवत होता.

बाईंचं काम वेगळंच निघालं. त्यांची संस्था लोकांना जंगलात तंबूत राहायला घेऊन जायची. प्रत्येक तळावर सरपण फोडायला कुऱ्हाडी हव्या होत्या, त्याही जुन्या पद्धतीच्या. भावाच्या कंपनीशी बोलणं पक्कं होत आलं होतं.

"फक्त एक करा," बाई भावाला म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी मुलांना घेऊन जातेय. माझ्यासाठी यातली एक निवडून द्या. तुम्ही भट्टीवर वाढलात म्हणता, तुम्हालाच विचारते."

"त्यात काय," भाऊ म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

भिंतीवर अकरा कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. दहा साध्या, तेलाचा हात दिलेल्या, बघितल्यावर लक्षातही न राहणाऱ्या. अकरावी दाराशेजारी एकटी होती. तिच्या दांड्याच्या लाकडात अशा काही सुंदर लहरी होत्या की रस्त्यावरून जाणारा माणूस थबकायचा. ती गिऱ्हाईक थांबवण्यासाठीच होती. लहरी लाकूड दिसायला देखणं आणि कामाला कुचकामी, जिथे रेषा वळते तिथे ते मोडतं. एरवी कुणी तिला हात लावला की ताई ओरडायची, "ती मिरवायची आहे, फोडायची नाही." दुकानात येणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

भावाचा हात थेट दाराशेजारी गेला.

ताईने काच खाली ठेवली. या घरात जन्मलेल्या माणसाने ती उचलली! तिला हसू आलं आणि राग आला, आणि राग मोठा होता. 'ती नको' हे दोन शब्द जिभेवर आले होते. तिने ते गिळले.

"ही घ्या मॅडम. दांडा बघा कसा आहे. असं काम आता होत नाही."

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

तेव्हा मात्र ताई उठली. बाई ती कुऱ्हाड पोरांमध्ये नेऊन चालवणार होत्या, ते तिला चालण्यासारखं नव्हतं. "आमच्याकडे एक रीत आहे," ती म्हणाली. "ज्याने निवडली त्याने अंगणात ओंडका फोडून दाखवायचा. त्याशिवाय कुऱ्हाड दाराबाहेर जात नाही. विसरलास का रे?"

"विसरेन कसा?" भावाने बाह्या सरसावल्या.

अंगणात तोच लाकडं फोडणारा म्हातारा धार लावून घ्यायला बसला होता. भावाच्या हातातली कुऱ्हाड बघून त्याने ताईकडे पाहिलं. ताईने त्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीपाशी नेलं. बाईंना म्हणाली, "तुम्ही इकडे या, खांबाच्या मागे." ठोकळ्याजवळ झोपलेल्या कुत्र्यालाही तिने हाकललं. मग तिने ढिगातून एक गाठीचा ओंडका निवडला, ठोकळ्यावर उभा केला आणि स्वतः बाजूला झाली.

पहिला घाव बसला. दुसराही बसला, ढलपी उडाली. भावाने बाईंकडे पाहून मान डोलावली. तिसऱ्या घावाला कडाड् आवाज झाला, दांडा अर्ध्यात मोडला आणि पातं ओंडक्यावरून उसळून त्याच्या कानाला चाटून मागे गेलं. ते सरपणाच्या ढिगात जाऊन रुतलं. भाऊ हातात दांडक्याचं टोक धरून उभा राहिला. कानावरून रक्ताचा बारीक ओघळ आला.

सगळ्यात आधी म्हातारा बोलला. "मिरवायची होती ती. यांना माहीत नव्हतं?"

बाईंनी भावाला पाणी दिलं, कानाला रुमाल लावायला दिला. बाई भल्या होत्या. मग त्या ताईकडे वळल्या. "तुम्ही असता तर कुठली निवडली असती?"

ताईने आतून एक साधी कुऱ्हाड आणली आणि दांड्याचं बूड त्यांच्यासमोर धरलं. "या बारीक रेषा दिसतात? त्या पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात, आडव्या असल्या की घेऊ नका. मग दांडा डोळ्यासमोर धरून बघा, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. दिसायला काही नाही. पण तुमच्या मुलांनी चालवली तरी तुम्हाला झोप लागेल."

बाईंनी ती घेतली. भावाला त्या शांतपणे म्हणाल्या, "आपलं ते बोलणं आता राहू द्या. मी चालत जाईन." आणि गेल्या. म्हाताराही आपली धार लावलेली कुऱ्हाड घेऊन निघाला.

भाऊ कानाला रुमाल धरून ताईकडे वळला. "ताई, तुला माहीत होतं."

"होतं."

"मॅडमना मागे घेतलंस. म्हाताऱ्याला घेतलंस. कुत्र्यालासुद्धा हाकललंस." त्याने हातातलं दांडकं खाली फेकलं. "मला का नाही सांगितलंस? पातं दोन बोटं इकडे आलं असतं तर?"

ताईने खोटं बोलायचं मनातही आणलं नाही. "अण्णा विचारत होते, ही मी केली का. तू येऊन नाही म्हणाला असतास तर त्यांनी ऐकलं असतं. तू आला नाहीस. आज मीही बोलले नाही."

"म्हणजे अण्णा..." त्याने कानावरचा रुमाल खाली घेतला. "ती तुटकी कुऱ्हाड आपणच केली असं समजून गेले?"

"हो. त्या म्हाताऱ्याचे हात धरून माफी मागितली त्यांनी. तुझ्या कुऱ्हाडीसाठी."

भाऊ ओंडका बाजूला सारून ठोकळ्यावर बसला, तोंड उतरलेलं. ताईला वाटलं, आता आपल्याला वाईट वाटेल. ती त्यासाठी थांबलीसुद्धा. काही वाटलं नाही. हे तोंड बघायला मिळावं म्हणून ती सात वर्षं जगली होती. तिने ते पोटभर बघून घेतलं, मग आत गेली आणि दाराला कडी लावली.