दीपिकाच्या हातातला श्वास

नागसेन मेला नव्हता. एवढी एकच गोष्ट त्याला सांगायची होती, आणि ती सांगायला त्याचं बोटसुद्धा तयार नव्हतं.

पहाटे शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपला असताना त्याच्या मानेला मण्यार चावली. आता दुपार झाली होती आणि तो तालुक्याच्या दवाखान्यात पडला होता. पापणी उघडेना, जीभ हलेना. श्वाससुद्धा स्वतःचा राहिला नव्हता. घशात नळी होती, नळीला रबरी फुगा होता, आणि तो फुगा त्याची बायको दीपिका दाबत होती. ऐकू मात्र सगळं येत होतं, आणि तेच वाईट होतं.

"सापाचं औषध दिलंय, काका," डॉक्टरीणबाई त्याच्या वडिलांना, बापूरावांना, सांगत होत्या. "पण डोळ्यांच्या बाहुल्या हलत नाहीत. आणताना वाटेत श्वास अडकला होता, मेंदू गेला असावा. चंद्रपूरला श्वासाचं मशीन आहे, गाडीही उभी आहे. पण फार आशा धरू नका. तुम्हीच ठरवा."

बापूराव म्हणाले, "घरी नेऊ. पोराचे हाल काऊन करायचे? जे होईन ते घरी होऊ दे."

बाबा! नागसेन आतल्या आत किंचाळला. त्याच्या बोटाला लावलेलं यंत्र टिकटिक वाजत होतं, ते एकदम सुसाट सुटलं.

"पाहा, जीव घाबरा होऊन राह्यला त्याचा," म्हणत बापूराव रडू लागले.

तेव्हा नागसेनच्या ध्यानात आलं, की काळीज तेवढं अजून आपलं ऐकतंय. पण ते पळालं की लोकांना मरण दिसतं. ते हळू करायला हवं होतं. उरावर मरण बसलेलं असताना काळीज हळू करायचं म्हणजे काय थट्टा आहे? विहारात भंतेजी श्वासाकडे बघायला बसवायचे तेव्हा हा गडी हमखास घोरायचा. आज झोप कुठली यायला! तरी तो बघू लागला. श्वास आत आला, दीपिकाने दिला म्हणून. बाहेर गेला, तिने सोडला म्हणून. तिच्या हातांचा दाब त्याला छातीत कळत होता. तो त्या हातांमागे जात राहिला. खाट सुटली, अंग सुटलं, आपण पाठीवर आहोत की पाण्यावर हेही कळेनासं झालं. टिकटिक मंदावली.

"मॅडम, हे हळू झालं!" दीपिका म्हणाली. "अजी, आयकून राह्यले काय तुम्ही? हो असन त हळू करा, नाई असन त भरभर."

झालं! आनंदाने काळीज उधळलं. भीतीपेक्षा आशा वाईट निघाली.

"असं होतं कधीकधी, ताई," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. बापूराव चादर गोळा करू लागले.

जगायचंय, जगायचंय म्हणत बसलो तर मेलोच, हे नागसेनला कळलं. त्याने ते म्हणणं सोडून दिलं. फार जड गेलं त्याला. मग नुसता येणारा आणि जाणारा श्वास उरला, आणि टिकटिक उतरत गेली.

"आता भरभर करा, अजी."

त्याने मानेवरचा सापाचा गार स्पर्श आठवला. टिकटिक पळाली.

"आता हळू."

हळू झाली. डॉक्टरीणबाई दाराकडे धावत ओरडल्या, "गाडी लावा!"

बापूराव खाटेजवळ आले आणि पोराच्या कानाशी वाकले. "बाबू, मघा मी घरी नेऊ म्हटलं, ते तुनं आयकलं काय?"

खरं उत्तर सोपं होतं, 'हो' म्हणायला काळीज हळूच ठेवून नुसतं पडून राहायचं होतं. नागसेनने तो गार स्पर्श पुन्हा मानेवर आणला आणि होतं नव्हतं तेवढं काळीज पळवलं.

"नाई आयकलं, मामाजी," दीपिका म्हणाली.

बापूरावांनी डोळे पुसले आणि फुगा आपल्या हातात घेतला.