सांडलेली काकवी

एफी राइडआउट खिडकीशी उभी राहून बशा पुसत होती, तेव्हा तिला नवरा चर्चचा चढ चढून येताना दिसला. हेडली लाकडी घसरगाडी ओढत होता. त्याच्या मागे आळीतली पाच-सहा पोरं वाकून वाकून चालत होती, आणि पोरांच्या मागे मर्सरांचा कुत्रा. धक्क्यावरच्या दुकानापासून थेट एफीच्या फाटकापर्यंत, पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक काळी रेघ उमटली होती. पोरं त्या रेघेतला बर्फ मुठीमुठीने उचलून तोंडात कोंबत होती.

एफीने हातातली बशी खाली ठेवली. "देवा रे," ती म्हणाली, "काकवी!"

हेडली दारात आला तो मान खाली घालूनच.

"थोडी सांडली," तो म्हणाला.

"थोडी म्हणजे किती?"

"डबा शाबूत आहे."

"मग काय डब्याची बिस्किटं करू?"

"दुकानात लेव्हायने झाकणच नीट बसवलं नाही, त्याला मी काय करणार?"

"आणि एवढी पोरं मागून ओरडत होती, तेव्हा तुला एकदा वळून बघता आलं नाही?"

"मला वाटलं नाताळच्या शुभेच्छा देतायत," हेडली म्हणाला. "मी हात हलवत होतो त्यांना."

एफीला हसू आलं, पण तिने ते आतल्या आत दाबलं. डबा कलता करून बघितला. तळाला चार चमचे काकवी असेल नसेल. आणि ही काही साधी गोष्ट नव्हती. गल टिकलच्या बेटावर त्या वर्षी नाताळच्या आधीची बोट आलीच नव्हती. वाऱ्याने आठवडाभर समुद्र खवळलेला, आणि लेव्हायच्या दुकानातलं पिंप खरवडून खरवडून त्याने जी काकवी काढली होती, ती ही एवढीच. ती त्याने मुद्दाम एफीसाठी राखून ठेवली होती. कारण नाताळनंतर वेष पालटलेल्या गावकऱ्यांची सोंगं निघाली, की घराघरांत नाचून, रम आणि लाल सरबत पिऊन, शेवटी एफीच्याच स्वयंपाकघरात येऊन थडकायची. तोंडावरचे पडदे वर करायची ती तिच्या काकवीच्या बिस्किटांसाठी. बेटावर दुसरं कुणी बिस्किटं करत नव्हतं असं नाही. पण सुंठ, लवंग आणि दालचिनीचा तो वास एफीच्या घरातून एकदा सुटला, की लोक म्हणायचे, आला नाताळ.

"मी जातो घरोघर," हेडली म्हणाला. "वाटी वाटी मागून आणतो."

"तू आता कुठंही जाऊ नकोस. चुलीपाशी बस आणि लाकडं घाल."

एफीने स्वतःच कोट चढवला. शेजारच्या मायराकडे गेली. मायराने हात वर केले. तिची काकवी केकात संपली होती. पलीकडच्या घरी पावाला लावायपुरती होती. तिसऱ्या घरी म्हातारीने वाटीभर देऊ केली, पण तिच्या नातवंडांची तोंडं बघून एफीनेच घेतली नाही. मायराच परत तिच्या मागे धावत आली आणि दम खात म्हणाली, "अगं, द्रूकडे आहे. शरदात बोट आली तेव्हा तिने दोन डबे घेतले होते. मी स्वतः पाहिलेत."

"ते मलाही माहीत आहे," एफी म्हणाली.

द्रू म्हणजे ड्रुसिला, हेडलीची थोरली बहीण. तिचं घर टेकडीच्या अगदी टोकाला, सगळा धक्का दिसेल असं. गेल्या चार-पाच नाताळांत ती एफीच्या घरात आली नव्हती. चर्चच्या चहापानाला एफीचं बिस्किट तोंडात घालून सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, "चांगलं आहे. पण आईचं म्हणून खपवू नकोस हो. माझ्या आईने जन्मात कधी लोणी आणि गार चहा घातला नाही. खारवलेल्या डुकराची चरबी घालायची ती, बारीक चिरून." त्यावर एफीही गप्प बसली नव्हती. "आईसारखी करायची तर आधी आईसारखा सढळ हात लागतो," असं ती बोलून गेली होती. द्रूचा हात आखडता, हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चहाच्या टेबलावर ते बोलणं वेगळं. तेव्हापासून दोघींची मान हलायची ती फक्त प्रार्थनेनंतर, दारात. हेडली रविवारी एकटाच बहिणीकडे जाऊन यायचा आणि दोन्हीकडचं काहीच दोन्हीकडे सांगायचा नाही.

टेकडी चढताना एफी मनात वाक्यं जुळवत होती. एकही पसंत पडेना. दारापाशी पोचली आणि तिच्या हाताने आपसूक दार ठोठावलं. ठोठावल्यावर तिलाच लाज वाटली. गल टिकलमध्ये दार ठोठावतो तो परका. घरचं माणूस सरळ आत शिरतं आणि "चहा आहे का?" विचारतं.

द्रूने दार उघडलं. अंगाने आडवी, केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

"आता दार ठोठावायला लागलीस?" ती म्हणाली. "उद्या पाद्रीबाबांसारखी टोपी काढून उभी राहशील."

"द्रू, मला—"

"काकवी हवी आहे. दिसली मला. माझ्या खिडकीतून सगळी रेघ दिसते. भाऊ माझाच आहे, त्याचं मला नवल नाही. लहानपणी दुधाची किटली अशीच आणायचा. घरी पोचेपर्यंत अर्धी मांजरांची."

टेबलावर काकवीचा भरलेला डबा होता. शेजारी द्रूचा कोट आणि लोकरी टोपी घडी घालून ठेवलेली. एफीने ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की ही बाई मघापासून वाट बघत बसली आहे.

"देतेस?" एफीने विचारलं.

"देते. पण डबा माझ्या हातात राहील. आणि काकवी माझी असेल, तर बिस्किटं माझ्या डोळ्यांसमोर होतील. निम्मी तुझ्या तऱ्हेने, निम्मी आईच्या."

"निम्मी तुझ्या तऱ्हेने," एफी म्हणाली.

"आईच्या."

"बरं बाई, चल."

उतारावर दोघी एकमेकींना धरूनच उतरल्या, कारण बर्फ निसरडा होता आणि डबा जड. बोलणं मात्र एवढंच झालं: "सांभाळ," आणि "तूच सांभाळ."

बहिणीला दारात बघून हेडली उठून उभा राहिला. काही बोलायला गेला, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "तू चूल बघ." तो पुन्हा बसला आणि निमूटपणे आणखी एक लाकूड आत सरकवलं.

मग परातीच्या दोन्ही बाजूंना दोघी उभ्या राहिल्या. काकवी कोमट करून ओतली, गरम पाण्यात विरघळवलेला सोडा तिच्यात पडला आणि ती फसफसून तांबूस झाली, परातीच्या काठापर्यंत चढली. एफीने सुंठ घातली, दालचिनी घातली, लवंगेची पूड चिमटीने घातली. द्रू बघत होती.

"एवढीच लवंग?"

"लवंग जास्त झाली की दाताच्या औषधासारखं लागतं."

"ज्याला दात आहेत त्याला," द्रू म्हणाली आणि आपल्या वाट्यासाठी आणखी एक चिमूट बाजूला काढली.

पीठ दोन गोळ्यांत वाटलं गेलं. एकात लोणी आणि गार काळा चहा, दुसऱ्यात द्रूने सुरीने बारीक बारीक चिरलेली चरबी. आई बिस्किटं लाटायची की हाताने थापायची यावर एक वाद झाला. द्रू म्हणाली थापायची, एफी म्हणाली मी लग्न होऊन आले तेव्हा या डोळ्यांनी लाटणं पाहिलंय. हेडलीला विचारलं तर तो म्हणाला, "मी फक्त खायचो." शेवटी एकीने लाटली, एकीने थापली. दुधाच्या रिकाम्या डब्याची दोन्ही तोंडं कापून केलेला साचा मात्र दोघींनी आळीपाळीने वापरला, आणि तेवढ्यापुरतं कुणी कुणाला टाकून बोललं नाही.

पहिले दोन घाणे छान उतरले. घर वासाने भरलं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली, आणि बाहेर मर्सरांचा कुत्रा पायरीवर येऊन बसला. एफीला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईचा वावर, कोपराला लागणारं कोपर, "मीठ कुठाय?" आणि "तिथंच, नाकासमोर", हे सगळं आपल्याला हवं होतं, हे तिला आज कळत होतं. तोंडाने मात्र ती एवढंच म्हणाली, "पीठ सांडवू नकोस."

तिसऱ्या घाण्याच्या वेळी वाद रंगला. विषय बिस्किटांचा नव्हताच. मायराच्या धाकट्या मुलीने मुख्य भूमीवरचा नवरा केला तो बरा की वाईट, असा होता. द्रूचं म्हणणं होतं, ज्या माणसाला होडी वल्हवता येत नाही त्याचा भरवसा काय धरायचा. एफी त्याची बाजू घेत होती. इकडे हेडली पश्चात्तापाने लाकडांवर लाकडं घालत बसलेला. भट्टीचा मागचा भाग लालबुंद झाला, तरी तिघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा एफी किंचाळली.

पत्रा बाहेर आला. पुढची रांग बरी होती. मागच्या दोन रांगा कडेने काळ्या पडलेल्या.

"झालं!" द्रू म्हणाली. "आधी सांडली, आता जाळली. हेडली, तुला चुलीपाशी बसवलं होतं की भट्टीत?"

"तूच म्हणालीस चूल बघ."

"बघ म्हणाले, पेटव नाही म्हणाले!"

एफीने जळकी बिस्किटं बाजूला काढायला घेतली. कुत्र्याला टाकू, म्हणाली. हेडलीने तेवढ्यात एक उचललं. गरम होतं म्हणून या हातातून त्या हातात टाकत फुंकलं आणि चावलं. मग चावायचा थांबला.

"काय झालं? दात गेला?" एफीने विचारलं.

"आईचं," तो म्हणाला.

"काय आईचं?"

"हे आईचं बिस्किट आहे. अगदी असंच लागायचं."

द्रू भडकली. "काहीतरीच काय! आईने आयुष्यात बिस्किट जाळलं नाही. आण इकडे." तिने त्याच्या हातातलं अर्धं ओढून घेतलं आणि तोंडात टाकलं. ते चहाच्या गोळ्यातलं होतं की चरबीच्या, कुणाला सांगता आलं नसतं. द्रू चावत राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली.

"हेडली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला, "आपल्याला चांगली कधी मिळालीच नाहीत रे."

"म्हणजे?"

"आई कुंपणापाशी गप्पा मारत उभी राहायची, आठवतं? मागची रांग दर वेळी जळायची. पुढची पाद्रीबाबांना जायची, सोंगांना जायची, आजारी माणसांकडे जायची. आणि जळकी आपल्याला. मी जन्मभर म्हणत आले, आईच्या बिस्किटांची चव कुणाला येत नाही. येणार कशी? कुणी जाळतच नव्हतं!"

मग द्रू हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. हेडली हसला, आणि एफी तर पिठाचे हात पोटावर धरून टेबलाला टेकली. हसता हसता द्रूच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने बाहीने पुसलं. ते सगळं हसण्याचंच होतं असं नाही, हे एफीने ओळखलं, आणि ती चहा टाकायला वळली.

चहाबरोबर तिघांनी जळकी बिस्किटं संपवली. कुत्र्याला एक मिळालं.

"मी तेव्हा हाताबद्दल बोलले," एफी कपात बघत म्हणाली, "ते बोलायला नको होतं."

"खोटं नव्हतं," द्रू म्हणाली. "पण चर्चमध्ये नको होतं. घरी बोलली असतीस तर मी तुला दोन शब्द ऐकवले असते आणि संपलं असतं."

"मग आता ऐकव."

"आता तोंडात बिस्किट आहे."

नाताळच्या दुसऱ्या संध्याकाळी सोंगं आली. बाहेरून श्वास आत ओढत, बदललेल्या आवाजात कुणी ओरडलं, "सोंगं येऊ देत का आत?" आणि एफीने म्हणायच्या आधी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून द्रूच ओरडली, "पाय झटकून या!" आठ-नऊ जणं आत घुसली. कुणाच्या तोंडावर जाळीचा पडदा, कुणाच्या उशीचा अभ्रा, एका धिप्पाड बाईच्या झग्याखाली कोळ्याचे रबरी बूट. वाजवणाऱ्याने पेटीचा भाता ओढला आणि जमीन दणाणायला लागली. धिप्पाड बाई कोण ते द्रूने बुटांवरून नाही, चालण्यावरून ओळखलं: "लेव्हाय! झाकणं नीट बसवायला शीक आधी!" पडदा वर झाला आणि आतून लेव्हायचं घामेजलेलं तोंड निघालं. सगळं घर खदखदून हसलं.

बिस्किटांच्या दोन थाळ्या फिरल्या. म्हाताऱ्या ईलायकाकांनी दोन्हींतलं एकेक खाल्लं, मग पुन्हा एकेक, आणि शेवटी विचारलं, "यातली कुणाची कुठली?"

"ती तिची," एफी म्हणाली.

"आणि ती तिची," द्रू म्हणाली.

काकांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं, काही समजलं नाही, आणि आणखी एक उचललं.

लेव्हायने झगा सावरत द्रूपुढे हात केला. तिने आधी नको नको म्हटलं, मग टोपी काढून एफीच्या मांडीवर टाकली आणि उठली. एवढ्या आडव्या बाईचे पाय इतके हलके पडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. दोन फेऱ्यांनंतर ती धापा टाकत परत आली, एफीच्या शेजारी बाकावर बसली आणि पदराने वारा घ्यावा तसा झग्याचा घेर हलवू लागली.

"नव्या वर्षाला फळांचा केक करायचाय," ती म्हणाली. "माझ्याकडे ये. भट्टी माझी मोठी आहे."

"मनुका किती घालायच्या?" एफीने विचारलं.

"आत्ताच भांडायचं की तेव्हा?"

"तेव्हाच," एफी म्हणाली आणि थाळी भरायला उठली.