बटणांच्या डब्यातला खडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर तेलबाबा, त्यांच्यापुढे काचेचा पेला आणि चिमट्यात पांढरा मुतखडा, जो म्हणे भक्ताच्या पोटातून हवेतल्या हवेत ओढून काढलेला!

"दुष्टा, भरली तुझी घटका!" बाबा गरजले. खडा पेल्यातल्या दिव्य अर्कात पडला, फसफसला आणि बघता बघता गायब झाला. टाळ्यांनी छत दणाणलं.

सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते शिंपीबुवा. शेजारी त्यांची बायको, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. बुवांच्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी खडा अडकला होता. "उशीर केलात तर मूत्रपिंड कामातून जाईल," असं बजावून डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं होतं. पण जन्मभर सुयांशी खेळलेला हा गडी डॉक्टरांच्या सुईला जाम टरकत होता.

"ऑपरेशन रद्द!" दुकानात पाय ठेवताच बुवांनी जाहीर केलं.

बाईंनी त्यांची वाट अडवली. "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डॉक्टर कापतात. बाबा विरघळवतात!" म्हणत बुवांनी बाबांकडून आणलेला अर्क चहाच्या थर्मोकोलच्या कपात ओतला. कप तोंडाशी जायच्या आत त्याचं बूड गळून पडलं, आणि सगळा अर्क गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या कोटावर.

दुसरा कुणी असता तर दचकला असता. बुवा हर्षाने ओरडले, "बघितलंस? कपसुद्धा टिकला नाही! मग खड्याची काय टाप?"

बाईंनी कोट नाकाशी धरला. संत्रं सोलताना बोटांना येतो तोच वास! त्यांनी बूड गेलेल्या कपाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"उद्या मीही येते बाबांकडे," त्या म्हणाल्या. थोरल्या दिरांचा ऑपरेशन करून काढलेला खडा दुकानात बटणांच्या डब्यात असे. दीर तो येईल त्याला कौतुकाने दाखवत. बाईंनी तो पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या थेट मंचावर चढल्या. "बाबा, हा आमच्या भाऊजींचा खडा. विरघळवा." आणि बाबा बोलायच्या आत खडा अर्कात! तो तळाशी गेला आणि ढिम्म बसून राहिला.

बाबांनी डोळे मिटले. "माई, या खड्याच्या धन्याची श्रद्धा कच्ची आहे."

"माझी?" पहिल्या रांगेतून दीर ताडकन उठले. "काल तुमच्यापुढे फेर धरून नाचलो तो मीच की हो!"

हशा पिकला. तेवढ्यात बाईंनी बाबांपुढच्या ताटात रचलेल्या पांढऱ्या खड्यांतला एक उचलला.

"हात लावू नकोस! भस्म होशील!"

भस्म कसलं? बाईंनी खडा दाबला, तो चेपला. बाबांच्या प्यायच्या पाण्यात टाकला, तर तो मजेत तरंगू लागला.

"मंडळी, दगड तरंगतो का कधी? हा थर्मोकोल आहे, थर्मोकोल! आणि अर्क म्हणजे संत्र्याच्या सालीचं तेल. त्यातलं लिमोनीन नावाचं द्रव्य थर्मोकोल विरघळवतं. थर्मोकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, ती फसफसून निघून जाते. खरा मुतखडा क्षारांचा. तेल त्याचं काही वाकडं करत नाही. हे तेल कामाचं आहे, त्याने चिकट डाग निघतात, मुंग्या मरतात. पण घटाघटा प्यायलात तर घसा भाजेल!"

बाबा चिमटा टाकून मागच्या दाराने सटकले. बुवा मात्र दुखरी कूस धरून बसले होते. "अगं, पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं!"

"लांबून पाहिलंत!" बाईंचा आवाज चढला, डोळे भरले. "कापड चिमटीत चोळल्याशिवाय वीतभर घेत नाही तुम्ही. ते फाटलं तर दुसरं घेता येतं. मूत्रपिंड कुठल्या दुकानातून आणू मी? हातात घेऊ द्या म्हणायचं, दुसऱ्याच्या खड्यावर करून दाखवा म्हणायचं. जो चिडेल, त्याच्यापासून पळायचं!"

बुवा मुकाट्याने दवाखान्यात गेले. ऑपरेशन झालं, मूत्रपिंड वाचलं. शुद्धीवर येताच त्यांनी डॉक्टरांपुढे हात पसरला.

"माझा खडा द्या. आणि एक पेला पाणी."

"तहान लागली?"

"नाही हो," बुवा म्हणाले, "बुडतो का ते बघायचंय."