उन्हाकडची खिडकी

शेजारीच राहणारी नणंद एका मासिकात कथा निवडायचं काम करायची. घरच्या माणसाला थोडी सवलत मिळेल, अशी वहिनीला वेडी आशा होती. चहाला उकळी येईपर्यंत नणंदेनं वहिनीनं लिहिलेली कथा वाचली आणि कागद ओट्यावर ठेवले.

"वहिनी, तुझ्या कथेतली ही मुलगी बसमध्ये बसलीय ना?"

"हो. माझी धाकटी बहीणच ती. सगळं तिच्याच मनातून लिहिलंय."

"मग बस गेल्यावर थांब्यावर उडालेली धूळ तिला कुठून दिसली? आणि थोरलीच्या, म्हणजे तुझ्या, चपलेचा तुटलेला अंगठा? मानेला चाकं लावलीत की काय तिच्या?"

वहिनीला हसू आलं नाही. धाकटी परमुलखात नोकरीला गेली ती गेलीच. निघायच्या आदल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. पुढे फोन विरळ झाले, मग थांबले. जाताना तिनं आपल्याकडे पाहिलं तरी का, हा एकच प्रश्न वहिनीला कुरतडत राहिला. म्हणून कथेत तिनं धाकटीला पार वळणापर्यंत मागे बघायला लावलं होतं. डोळ्यांत पाणीही आणलं होतं.

"वन्सं, तेवढं मागे बघणं राहू द्या ना."

"राहू दे की. पण ते तू पाहिलंस, की तुला हवंय?"

चहा उतू गेला. वहिनी फडकं घेऊन ओटा पुसत बसली.

"तू थांब्यावर उभी होतीस ना, मग तिथूनच सांग," नणंद जरा मऊ आवाजात म्हणाली. "तिच्या डोक्यात कशाला शिरतेस? तिनं कधी शिरू दिलं होतं तुला?"

दुपारी वहिनीनं शिलाई मशीनवरचा उसवलेला सदरा बाजूला सारला आणि कागद पुढ्यात घेतले. धाकटीच्या मनातलं एकेक वाक्य ती खोडत गेली. मागे बघणं तिनं सगळ्यात शेवटी खोडलं. उरलं ते थोडकंच. थांबा, तुटकी चप्पल, निम्मी रिकामी बस. धाकटी चढली. उघड्या दारातून पलीकडची सावलीतली बाकं मोकळी दिसत होती. ती बाकं सोडून धाकटी थांब्याकडच्या, उन्हातल्या खिडकीशी येऊन बसली. काचेवर ऊन लखलखलं आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला.

इथे पेन थबकलं.

धाकटीला ऊन अजिबात सोसायचं नाही. जरा तोंडावर आलं की अर्धं डोकं ठणकायचं. लहानपणी सावलीच्या जागेसाठी ती थोरलीला ओरबाडायची.

वहिनीनं कथेच्या शेवटी तेवढंच लिहिलं. धाकटीला काय वाटलं असेल, त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

संध्याकाळी नणंदेनं शेवटचा कागद उलटून मागे पाहिलं. कोरा होता.

"इथेच संपवलीस?"

"इथवरच दिसलं, वन्सं," वहिनी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळली.